काउंटरवरच्या कॉम्प्युटरला स्क्रीन लॉक लावताना: पासवर्ड, टायमर आणि विसरल्यावरची सोय

हा लेख ज्यांचा डेस्कटॉप चारचौघांत उघड्यावर असतो त्यांच्यासाठी आहे. एसटी स्टँडसमोरचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, तारकर्ली-गुहागरकडचा होमस्टे, आंब्याच्या पेट्यांचे ऑर्डर घेणारं बागायतदाराचं घरचं ऑफिस, गावातली छोटी पतसंस्था. अशा कॉम्प्युटरमध्ये लोकांची आधार कार्डं, सातबारे, पासबुकांचे फोटो साठलेले असतात. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरायची असते, म्हणून होमस्टेवाल्याकडे पासपोर्टच्या प्रतीही असतात. मालक पाच मिनिटं पार्सल उतरवून घ्यायला बाहेर जातो आणि काउंटरच्या पलीकडे हात लांबवला की सगळं हाताशी.

लॉक लावायला दोन मिनिटं पुरतात. लोक अडकतात ते नंतर: पासवर्ड विसरतो, की-बोर्ड दगा देतो, वीज जाऊन आली की मशीन स्वतःहून उघडून बसतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. विशेषतः तिसरी पायरी झाल्याशिवाय चौथीकडे जाऊ नका.

आधी हाताशी काय ठेवायचं

- ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट (सगळी सेटिंग्ज बदलायचा अधिकार असलेलं) आणि त्याचा पासवर्ड. ज्या मुलाने मशीन बसवून दिलं त्याच्याच नावाचं अकाउंट अजून चालू असेल तर आधी तो पासवर्ड मागून घ्या.
- एक जुना पेनड्राइव्ह. कितीही छोटा चालेल, पण यापुढे तो दुसऱ्या कामाला वापरायचा नाही.
- वही-पेन, एक लिफाफा आणि चेनची प्लॅस्टिक पिशवी.
- मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर त्याला जोडलेला मोबाइल, चालू सिमसकट.
- अर्धा तास. गिऱ्हाइकांच्या गर्दीत हे काम करू नका.

## १. आपल्याकडे नेमकं काय आहे ते बघा

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात सगळ्यात खाली अबाउट. तिथे विंडोज १० की ११ आणि होम की प्रो हे लिहिलेलं असतं. दोन्ही कागदावर टिपून ठेवा, कारण एक चांगली सोय फक्त प्रोमध्ये मिळते.

मग सेटिंग्ज, अकाउंट्स, युअर इन्फो. नावाखाली 'लोकल अकाउंट' असं दिसलं तर पासवर्ड फक्त या मशीनपुरता आहे. ईमेल पत्ता दिसला तर ते मायक्रोसॉफ्ट अकाउंट. पासवर्ड विसरल्यावरचा रस्ता या दोघांचा पूर्ण वेगळा आहे, म्हणून इथे अंदाजाने पुढे जाऊ नका.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लॉक त्यावरही तसंच चालतं. पण सिक्युरिटी अपडेट बंद पडलेल्या मशीनवर लोकांची कागदपत्रं ठेवायची का, याचा विचार वेगळा करावा लागेल.

## २. की-बोर्ड तपासा

ही पायरी बहुतेक कुठल्याच मार्गदर्शकात नसते, पण किनाऱ्यावर तिच्याशिवाय भागत नाही. खाऱ्या हवेने आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने की-बोर्डची बटणं हळूहळू जातात. एखादं बटण दाबलं तरी अक्षर उमटत नाही, एखादं एकदा दाबलं की दोनदा उमटतं. पत्र लिहिताना हे लगेच दिसतं आणि आपण खोडून पुढे जातो. पासवर्डच्या चौकटीत मात्र नुसते ठिपके दिसतात, आणि 'पासवर्ड चुकीचा' एवढंच उत्तर येतं.

नोटपॅड उघडा आणि प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा, दोन्ही शिफ्ट, एंटर आणि बॅकस्पेस सावकाश दाबून बघा. उजवीकडचे आकडेही बघा. एखादं बटण संशयास्पद वाटलं तर ते अक्षर पासवर्डमध्ये घेऊ नका, आणि जमल्यास की-बोर्डच बदला. साधा यूएसबी की-बोर्ड फार महाग नाही, आणि लॉक झालेल्या मशीनपुढे ताटकळण्यापेक्षा स्वस्तच पडतो.

लॉक स्क्रीनवर असताना बटण गेलंच, तर खाली उजव्या कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन की-बोर्ड उघडतो. माउसने एकेक अक्षर दाबून आत जाता येतं.

## ३. पासवर्ड लावा आणि त्याच बैठकीत विसरल्यावरची सोय करा

सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स, पासवर्ड, ॲड. लोकल अकाउंट असेल तर इथे नवा पासवर्ड दोनदा आणि एक हिंट मागितली जाते. चुकीचा पासवर्ड टाकला की ही हिंट समोर बसलेल्या कोणालाही दिसते. 'मुलीचं नाव आणि साल' अशी हिंट लिहिली तर पासवर्ड लावला काय न लावला काय.

पासवर्ड किमान बारा अक्षरांचा धरा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द रोमन लिपीत सलग जोडले तर लक्षातही राहतो: कोयती, भरती, पाटी आणि पुढे एखादा आकडा, या धर्तीवर. हाच घेऊ नका, अर्थात. मोबाइल नंबर, दुकानाचं नाव, एमएच ०८ किंवा एमएच ०७ ने सुरू होणारा गाडीचा नंबर हे तर मुळीच नको. ते बाहेर पाटीवर रंगवलेलंच असतं.

आता विसरल्यावरची सोय.

लोकल अकाउंट असेल तर दोन गोष्टी. पहिली, सिक्युरिटी प्रश्न. विंडोज ठरलेल्या यादीतून तीन प्रश्न निवडायला लावतो, साधारण असे: जन्म कुठल्या गावी झाला, पहिल्या शाळेचं नाव काय, लहानपणी कोणत्या नावाने हाक मारायचे, सगळ्यात मोठ्या चुलत किंवा मामे भावंडाचं नाव काय. शहरात हे ठीक असेल. आपल्याकडे ही उत्तरं अख्ख्या वाडीला पाठ असतात. म्हणून खरी उत्तरं देऊ नका. शाळेच्या नावाच्या जागी एखाद्या माशाचं नाव टाका, काहीही टाका, फक्त लिफाफ्यातल्या कागदावर तसंच लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, पासवर्ड रीसेट डिस्क. पेनड्राइव्ह लावा, स्टार्टमध्ये 'पासवर्ड रीसेट डिस्क' शोधा आणि विझार्ड सांगेल तसं नेक्स्ट करत जा. पेनड्राइव्हवर एक छोटीशी फाइल तयार होते. पुढे पासवर्ड कितीदाही बदलला तरी तीच चालते. पण ती त्याच मशीनच्या त्याच अकाउंटपुरती असते, आणि ज्याच्या हातात तो पेनड्राइव्ह तो आत जाऊ शकतो. कॉम्प्युटरच्या खणात ठेवायची वस्तू नव्हे ती.

मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर रीसेट डिस्क बनत नाही. तिथे पासवर्ड वेबसाइटवरून बदलायचा, त्यासाठी कोड मोबाइलवर किंवा दुसऱ्या ईमेलवर येतो. तो मोबाइल नंबर आज चालू आहे का, हे आत्ता तपासा. रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेलं जुनं सिम हा इथला ठरलेला घोळ आहे. आणखी एक खाच: पासवर्ड मोबाइलवरून बदलला आणि दुकानातलं नेट बंद असेल, तर मशीनला नवा पासवर्ड कळलेलाच नसतो. ते जुनाच मागत राहतं. पावसात नेट गेलं असेल तर आधी जुना टाकून बघा, किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे अख्खी डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का तेही बघा. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली सापडतं. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरुवात केली असेल तर ते बहुधा आपोआप चालू झालेलं असतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की असते. रोज ती लागत नाही. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात वीज कडाडून मदरबोर्ड जळला आणि नवा बसवला, की मात्र मशीन पहिल्यांदा तीच मागतं, आणि ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही फाइल उघडत नाहीत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती साठवलेली असते. तिथून कागदावर उतरवा आणि आकडे दोनदा पडताळा.

हा सगळा ऐवज, म्हणजे पासवर्ड, प्रश्नांची उत्तरं, रिकव्हरी की आणि पेनड्राइव्ह, लिफाफ्यात घाला, लिफाफा चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत घाला आणि दुकानात न ठेवता घरच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बाजारपेठेत कॉम्प्युटर आणि दप्तर एकाच पाण्यात गेलं. मशीन आणि त्याच्या किल्ल्या एका खोलीत नकोत.

## ४. पिन: लावा, पण चार आकडी नको

साइन-इन ऑप्शन्समध्येच विंडोज हॅलो पिन असतो. काउंटरवर दिवसातून पन्नास वेळा बारा अक्षरं टाइप करणं कोणालाच जमत नाही, म्हणून पिन बरा. तो त्या मशीनपुरताच असतो आणि नेटशिवाय चालतो. सहा किंवा जास्त आकडे घ्या. 'लेटर्स अँड सिम्बॉल्स' ला टिक केलीत तर अक्षरंही चालतात.

पिनच्या दोन अडचणी नेहमीच्या. मशीन नव्याने सुरू झाल्यावर नम लॉक बंद असला, तर उजवीकडचे आकडे दाबले तरी चौकट रिकामीच राहते. नम लॉक दाबा किंवा वरच्या ओळीतले आकडे वापरा. दुसरी: पिन तीन-चारदा चुकला की विंडोज स्क्रीनवर काही अक्षरं आणि आकडे दाखवून ते टाइप करायला सांगतो. व्हायरस शिरला म्हणून लोक घाबरतात. तसं काही नसतं, दिसतंय तेच टाइप करा आणि मग सावकाश पिन टाका.

बोटांचे ठसे घ्यायला जे आधारचं यंत्र दुकानात असतं ते या कामाचं नाही, हे विचारण्याआधीच सांगून ठेवतो. विंडोजच्या लॉकसाठी वेगळा फिंगरप्रिंट रीडर लागतो.

## ५. हाताने लॉक करायची सवय

विंडोजचं बटण आणि एल. संपलं. उठताना डाव्या-उजव्या हाताने हे दोन्ही दाबायचे, खुर्ची सरकवायच्या आधी. विंडोजचं बटण मेलेलं असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबून लॉक निवडा.

लॉक केल्यावर आतलं काम थांबत नाही. प्रिंट चालू राहते, डाउनलोड चालू राहतं, टॅली उघडी राहते. त्यामुळे 'आता फॉर्म अर्धा आहे, लॉक कसं करू' ही सबब टिकत नाही. फक्त सरकारी पोर्टल स्वतःच्या ठरलेल्या वेळेत लॉगआउट करतं. ते लॉकमुळे होत नाही, तसंही झालंच असतं.

मॉनिटरचं बटण बंद करणं म्हणजे लॉक नव्हे. ते पुन्हा दाबलं की सगळं जसंच्या तसं समोर.

## ६. आपोआप लॉक: इथेच बहुतेकांचं चुकतं

माणूस विसरतोच, म्हणून टायमर. पण पॉवर सेटिंगमध्ये 'पाच मिनिटांनी स्क्रीन बंद' एवढंच करून भागत नाही. डेस्कटॉपवर त्याने स्क्रीन काळी होते, लॉक होत नाही. माउस हलवला की सगळं उघडं.

बरोबर रस्ता जुन्या स्क्रीन सेव्हरमधून जातो:

1. स्टार्टमध्ये 'स्क्रीन सेव्हर' शोधा, त्याची छोटी खिडकी उघडा.
2. यादीतून 'ब्लँक' निवडा. 'नन' ठेवू नका.
3. 'वेट' मध्ये मिनिटं टाका.
4. 'ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन' ला टिक करा. सगळा जीव या टिकमध्ये आहे.
5. अप्लाय, ओके.

किती मिनिटं? गिऱ्हाइकं पलीकडे उभी असतात त्या काउंटरवर २ किंवा ३. आतल्या खोलीत ५. घरी १०. एक मिनिट ठेवू नका. फॉर्ममधली माहिती गिऱ्हाइकाला विचारता विचारता स्क्रीन लॉक होते, आणि वैतागून दुसऱ्याच दिवशी कोणीतरी टिक काढून टाकतं.

स्क्रीन सेव्हर सुरू झाल्यावर पहिल्या काही सेकंदांत माउस हलवला तर पासवर्ड विचारला जात नाही. हा बिघाड नाही, तेवढी सवलत मुद्दाम ठेवलेली आहे. तपासताना दहा-पंधरा सेकंद थांबून मगच माउस हलवा.

टायमर लागतच नसेल तर क्रमाने बघा. व्हिडिओ चालू आहे का, तो असेपर्यंत स्क्रीन सेव्हर येत नाही. काउंटरची काच आहे का आणि माउस थेट काचेवर आहे का? काचेवर ऑप्टिकल माउसचा बाण आपोआप थरथरतो, मशीनला वाटतं कोणीतरी काम करतंय. खाली पॅड किंवा जाड कागद टाका. आणि हे सेटिंग प्रत्येक यूझरचं वेगळं असतं. तुमच्या अकाउंटला लावलं म्हणून मदतनीस मुलीच्या अकाउंटला लागत नाही.

विंडोज प्रो असेल तर ही शेवटची कटकट टळते. स्टार्टमध्ये 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी' शोधा, लोकल पॉलिसीज, सिक्युरिटी ऑप्शन्स, त्यात 'इंटरॅक्टिव्ह लॉगऑन: मशीन इनॅक्टिव्हिटी लिमिट'. इथे आकडा सेकंदांत टाकायचा: ३ मिनिटांना १८०, ५ मिनिटांना ३००. मिनिटं समजून ५ टाकलंत तर दर पाच सेकंदांनी मशीन लॉक होईल आणि तेच परत बदलायला धावपळ करावी लागेल. बदल केल्यावर मशीन एकदा रीस्टार्ट करा. हे सगळ्या यूझरना लागू होतं. होममध्ये ही खिडकी नसते.

शिवाय साइन-इन ऑप्शन्समध्ये, तुम्ही दूर गेल्यावर पुन्हा साइन-इन कधी मागायचं, असा प्रश्न असतो. तिथे 'नेव्हर' असेल तर बदलून 'व्हेन पीसी वेक्स अप फ्रॉम स्लीप' करा.

मोबाइल ब्लूटूथने जोडून आपण लांब गेलो की लॉक होणारं 'डायनॅमिक लॉक' ही आहे. छोट्या दुकानात त्याचा उपयोग कमी. शेजारच्या टपरीवर चहा पिताना फोन रेंजमध्येच असतो.

## ७. वीज जाऊन आल्यावर काय होतं ते बघा

पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा जाते, यूपीएसची बॅटरी उतरते, मशीन बंद पडतं. काही मशीनमध्ये बायोसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रामचं, सेटिंग असं असतं की वीज आली की ते स्वतःहून चालू होतं. त्यात ऑटो-लॉगिन (पासवर्ड न विचारता थेट आत जाणं) असेल, तर रात्री दोन वाजता वीज येते आणि सकाळी झाडू मारायला येणाऱ्यासमोर डेस्कटॉप उघडा पडलेला असतो. स्क्रीन लॉक आहे, टायमरही आहे, पण दाराला कडीच नाही अशी गत.

ऑटो-लॉगिन बहुतेकदा मशीन बसवणाऱ्याने 'तुम्हाला सोपं पडावं' म्हणून करून दिलेलं असतं. विंडोजचं बटण आणि आर दाबा, चौकटीत इंग्रजीत एन-ई-टी-पी-एल-डब्ल्यू-आय-झेड टाइप करून एंटर. 'यूझर्स मस्ट एंटर अ यूझर नेम अँड पासवर्ड' ला टिक हवी. विंडोज ११ वर ती चौकट दिसतच नसेल तर बहुधा फक्त विंडोज हॅलोने साइन-इनचं सेटिंग चालू आहे. काही बदलू नका, रीस्टार्ट करून पिन मागतो का एवढं बघा.

## ८. माणसं वेगळी, अकाउंटं वेगळी

एकच पासवर्ड चौघांना सांगितला तर तो पासवर्ड राहत नाही. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्स, ॲड अकाउंट. मायक्रोसॉफ्ट अकाउंट नको असेल तर 'या व्यक्तीची साइन-इन माहिती नाही' आणि पुढे 'मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूझर जोडा' अशा अर्थाचे दुवे निवडत जा. नवीन यूझर 'स्टँडर्ड' च ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर करू नका.

घरच्या मशीनवरही एक जादा अकाउंट असू द्या. गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की पोरंटोरं कॉम्प्युटरवर बसणारच. त्यांना नाही म्हणण्यापेक्षा 'पाहुणे' नावाचं स्टँडर्ड अकाउंट बरं. त्यात त्यांनी काहीही केलं तरी तुमचं व्हॉट्सॲप वेब आणि आंब्याच्या गिऱ्हाइकांची यादी तुमच्या अकाउंटमध्ये बंद राहते.

कोणी काम सोडून गेलं तर त्याचं अकाउंट त्याच दिवशी काढा, पण 'डिलीट अकाउंट अँड डेटा' दाबण्याआधी त्याच्या डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये दुकानाच्या फाइल आहेत का ते बघा. डिलीट झाल्या की गेल्या. आणि दुसऱ्याचा लोकल पासवर्ड ॲडमिनकडून जबरदस्तीने बदलला, तर त्याच्या फाइल राहतात, पण त्या अकाउंटमध्ये साठवलेले वेबसाइटचे पासवर्ड जाऊ शकतात.

## ९. लॉक स्क्रीनवरची बडबड बंद करा

सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स, त्यात लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशन दाखवण्याची टिक काढा. नाहीतर मशीन लॉक असूनही मेसेज वर झळकतात, आणि फोन जोडलेला असेल तर ओटीपीसुद्धा.

## १०. तपासणी

लॉक करून मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका, हिंट काय दिसते ते वाचा. मग बरोबर टाका. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट घेतलं असेल तर खाली उजव्या कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह बघा. लॉक करताना मराठी की-बोर्ड चालू असेल तर रोमन अक्षरांऐवजी देवनागरी उमटते आणि बरोबर पासवर्डही चुकतो. विंडोजचं बटण आणि स्पेसबारने भाषा बदला. चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हाने काय टाइप झालंय ते दिसतं, पण ते मागे कोणी उभं नसताना दाबा.

नंतर मशीन रीस्टार्ट करून पासवर्ड मागतो का बघा. टायमर लावून ठरलेली मिनिटं खरंच थांबून बघा. नेटची वायर काढून एकदा आत जाऊन बघा. शेवटी लिफाफ्यातल्या कागदावरून, पाठांतरावरून नव्हे, पासवर्ड वाचून टाका. हस्ताक्षरातला शून्य आणि ओ, एक आणि एल यांचा गोंधळ इथेच पकडला जातो.

विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे उबंटू वगैरे, वापरत असाल तर उबंटूच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, स्क्रीन लॉक. तिथे स्क्रीन काळी व्हायची वेळ आणि ऑटोमॅटिक स्क्रीन लॉक दोन्ही लावा. हाताने लॉक करायचं बटण तिथेही विंडोजचं बटण आणि एल हेच. लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एल. ऑटो-लॉगिन उबंटूत यूझर्सच्या सेटिंगमध्ये आणि मिंटमध्ये 'लॉगिन विंडो' च्या सेटिंगमध्ये असतं, तेही बंद आहे का बघून घ्या.